रजा नामंजूर

आमच्या शेजारचे नाना परवा पुन्हा गरजले, ‘खेळाडूंना देशापेक्षा पदक मोठं! घरी बसा म्हटलं की बसावं.’ मला लगेच १९८० सालचा रजेचा अर्ज आठवला.

डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत रणगाडे अफगाणिस्तानात शिरले आणि मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाका, असा धोशा अमेरिकेने लावला. ब्रिटनचं सरकार हो म्हणालं, बरेचसे खेळाडू नाही म्हणाले. पासपोर्ट हिसकावून घेणं बरं दिसलं नसतं. मग सरकारने ब्रह्मास्त्र काढलं: सरकारी नोकर आणि सैनिक असलेल्या खेळाडूंना ऑलिंपिकसाठी खास पगारी रजा नाही!

लंडनच्या कुठल्याशा कचेरीतलं ते टेबल मला अगदी डोळ्यांसमोर दिसतं. अर्जावर लिहिलंय, कारण: ऑलिंपिक. साहेब चष्मा कपाळावर चढवतात. मेव्हणीचं लग्न असतं तर दिली असती. पोराला गोवर असता तर दिली असती. ऑलिंपिक? शेरा पडतो, ‘नामंजूर’. त्यासरशी तिकडे काबूलमध्ये रणगाड्याचा चालक करकचून ब्रेक दाबतो. ‘कॉम्रेड, घात झाला! लंडनच्या त्या कारकुनाचा पगार कापणार म्हणे. चला माघारी!’ आणि रणगाडे खरोखरच माघारी गेले की! फेब्रुवारी १९८९ मध्ये. सरकारी टपाल, वेळ लागतोच.

गव्हाचं मात्र तसं नव्हतं. अमेरिकेने सोव्हिएतांना जादा धान्य विकण्यावर बंदी घातली, अमेरिकी शेतकरी कुरकुरले आणि एप्रिल १९८१ मध्ये बंदी उठलीसुद्धा. गव्हामागे मतं असतात, लांब उडीमागे कोण असतं? वर्षानुवर्षं पहाटे उठून पाय झिजवलेल्या अमेरिकी पोरांना ते ऑलिंपिक कुणी परत दिलं? कुणी नाही. निषेध राज्यकर्त्यांचा, बिल त्या पोरांच्या नावावर! १९८४ मध्ये मॉस्कोने लॉस एंजेलिसला न जाऊन परतफेड केली, तीही आपल्याच खेळाडूंच्या खिशातून.

मॉस्कोला गेलेल्या ब्रिटिशांनी पाच सुवर्णपदकं आणली. त्यांच्यासाठी देशाचा झेंडा चढला नाही, राष्ट्रगीत वाजलं नाही, दोन्ही ऑलिंपिकचीच.

हे सगळं नानांना ऐकवलं आणि म्हटलं, ‘खेळाडूंचं राहू द्या. निषेध म्हणून आपण दोघं सोमवारी एक दिवस बिनपगारी रजा टाकू.’

‘बिनपगारी?’ नानांनी चहा खाली ठेवला. ‘मार्चएंड आहे हो.’