मोटरसायकलला कॅरिअर बसवण्याची सोपी रीत (कोल्हापूर आवृत्ती)

मोटरसायकलच्या सीटमागे पाइपची किंवा सळईची जी चौकट बसवतात, तिला कॅरिअर म्हणतात. तिच्यावर गाडीमालक आपलं सामान ठेवतो. यातलं पहिलं वाक्य सगळीकडे खरं आहे. दुसरं कोल्हापूर महापालिकेच्या हद्दीत लागू होत नाही. इथं कॅरिअर बसवलं की चार दिवसांत ते गल्लीचं होतं आणि मालकाकडे पेट्रोलचा खर्च तेवढा उरतो. म्हणून नवशिक्यानं दुकानाची पायरी चढण्याआधी ‘मला काय न्यायचंय’ हा विचार सोडून द्यावा आणि आपल्याला कोण काय न्यायला लावणार, याचा अंदाज बांधावा.

आधी नातेवाईक मोजा

एक वही घ्या. सासुरवाडी आजऱ्याकडची असेल तर सुगी आटोपली की घनसाळ तांदळाचं पोतं ठरलेलं. मामाच्या दारात म्हैस असेल तर वैरणीचा भारा. शेजारच्या काकूंचा मुलगा पुण्याला नोकरीला असेल तर उन्हाळ्यात कांडपावरून आलेल्या चटणीचे डबे एसटी स्टँडवर पोचवण्याचं काम तुमच्याकडे येणार, हे गृहीत धरा. काकू मुलाला आधी फोन करतील, मग तुम्हाला सांगतील. ज्याचं गुऱ्हाळ आहे असा एकच मित्र असला, तरी त्याच्यासाठी वेगळं पान सोडा.

बहिणीनं घरी साड्यांचा धंदा सुरू केला असेल तर गांधीनगरच्या फेऱ्या आल्या. हा घाऊक कापडबाजार ज्या वळिवड्याच्या माळावर उभा आहे, तिथं १९४३ ते १९४८ या काळात पोलंडचे जवळपास पाच हजार निर्वासित राहत होते. ते गेले, मग सिंधी निर्वासित आले, आणि बाजार वसला. पुढं एस्कॉर्ट्स कंपनीनं जी राजदूत बनवली, ती मूळ एसएचएल या पोलिश मोटरसायकलवरून. म्हणजे पोलंडची माणसं परत गेली आणि काही वर्षांनी पोलंडची गाडी त्याच रस्त्यावरून दुधाचे कॅन वाजवत जाऊ लागली. याचा कॅरिअर बसवण्याशी काही संबंध नाही. पण गाठोडं बांधून होईस्तोवर दुकानदारासमोर बोलायला काहीतरी लागतं.

आता वहीतल्या नावांसमोर वजनं लिहा. गुळाचा मोठा रवा तीस किलोचा. घरगुती गॅसच्या टाकीत गॅस १४.२ किलो, पण टाकीचं लोखंड धरलं की तीही तिसाच्या घरात जाते. मग गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडा (ते प्लॅस्टिकच्या पिशवीत, देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात, टीव्हीच्या वॉरंटी कार्डाशेजारी असतं). त्यात किंवा तयार कॅरिअरच्या चिठ्ठीवर भाराची मर्यादा दिलेली असते. ती साधारण पाच-दहा किलोंच्या आसपास निघते. वही आणि पुस्तक यांच्यातल्या फरकाला कोल्हापुरात ‘चालतंय की’ म्हणतात.

पण चालत नाही, आणि का चालत नाही ते एकदा गणित करून पाहावं. गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर साधारण सव्वा मीटर. कॅरिअरवरचा रवा मागच्या आसाच्या चाळीस सेंटिमीटर मागे बसला, तर तो पुढच्या चाकावरचं नऊ-साडेनऊ किलो वजन उचलून घेतो. मागच्या चाकावर मात्र तिसाऐवजी एकोणचाळीस-चाळीस किलो येतात. पन्हाळ्याचा चढ लागला की मागे आणखी भर पडते आणि हँडल हलकं व्हायला लागतं. नवशिक्याला वाटतं, गाडी आज काय गुळगुळीत वळतेय. ती वळत नसते, पुढचं चाक रस्ता सोडायच्या बेतात असतं.

कोणतं घ्यावं

प्रकार पुष्कळ आहेत, कामाचे थोडे. सीटमागच्या पकडायच्या दांडीवर बसणारं साधं कॅरिअर हे घरगुती वापराचं. दोन्ही बाजूंना पिशव्या टेकवायचे सांगाडे मिळतात, तेही चांगले, फक्त गुजरीत आणि महाद्वार रोडवर त्यांच्यासह वळताना इतरांच्या पिशव्यांची क्षमा मागावी लागते.

तिसरा प्रकार बुलेटवाल्या तरुण मंडळींचा. काळी पावडर कोटिंगची भक्कम चौकट, तिला दोन्ही अंगांना पाच-पाच लिटरचे जेरीकॅन, वर पाणी न शिरणारी बॅग. हे सगळं लडाखसाठी असतं. लडाखला जाण्याचा बेत दर दिवाळीत होतो आणि तोवर गाडी रंकाळ्यावर भेळ खायला जाते. वाटेत पेट्रोलपंप लागत असूनही जेरीकॅन भरलेले असतात, ही दूरदृष्टी मला नेहमी आदरणीय वाटत आली आहे.

खरा अभ्यास करायचा असेल तर पहाटे गंगावेशीत जाऊन उभं राहावं. तिथं कट्ट्यावर धारोष्ण दूध पिण्याच्या निमित्तानं दूधवाल्यांच्या गाड्या न्याहाळता येतात. गोकुळ आणि वारणेच्या या जिल्ह्यात कॅन अडकवायचे सांगाडे पिढ्यान्‌पिढ्या सुधारत आलेत. चाळीस लिटरच्या कॅनमधलं नुसतं दूध एक्केचाळीस किलो भरतं. दोन बाजूंचे दोन म्हटले तर ब्याऐंशी, कॅनचं वजन वेगळं. एवढं ओझं घेऊन माणूस शेतवाडीच्या रस्त्यानं सरळ येतो, कारण त्याचा सांगाडा सीटमागे उंच टांगलेला नसतो. तो चाकाच्या दोन्ही बाजूंना, आसाच्या शक्य तितका जवळ आणि खाली लटकतो. दूधवाला एका बाजूचा कॅन पूर्ण रिकामा करून मग दुसऱ्याला हात घालत नाही. आलटून पालटून मापं घेतो आणि गाडी मधल्या स्टँडवर लावतो. बाजारातलं कुठलंही चकचकीत कॅरिअर बघताना मनात एवढंच विचारावं : हे बघून दूधवाला काय म्हणेल? बहुतेक कॅरिअरांचा निकाल तिथंच लागतो.

तयार की करून घेतलेलं

तयार घेतलेलं कॅरिअर तुमच्याच गाडीसाठी बनवलेलं आहे, असं खोक्यावर छापलेलं असतं. करून घ्यायचं असेल तर उद्यमनगर. या गावात करून घेण्याची खोड जुनी आहे. सिनेमाचा कॅमेरा विकत मिळेना तेव्हा बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून तो इथंच बनवला आणि १९२०मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्या गावाला चार नळ्या आणि दोन पट्ट्या जोडायला सांगणं म्हणजे थोडा अपमानच, पण कारागीर मनावर घेत नाहीत.

संवाद साधारण असा होतो :

“मेस्त्री, कॅरिअर करायचं होतं.”

“काय न्यायचं?”

“तसं काय नाही. बारीकसारीक.”

“मग पाऊण इंची पाइप घालतो. बारीकसारीक म्हणणारीच पोती आणत्यात.”

“वजन वाढेल ना हो गाडीचं?”

“गाडीचं नाही भावा, तुझं वाढलंय. कवा पायजे?”

ही शेवटची ‘कवा’ फसवी. तुम्ही कुठलाही वार सांगा, काम शनिवारी संध्याकाळी मिळेल. नाही झालं तर पुढच्या शनिवारी. मधल्या काळात गाडी तिथंच ठेवू नका. तिच्यावरून इतरांचं लोखंड फिरून येतं.

वेल्डिंग करताना बॅटरीची वायर सोडवून ठेवायला सांगा आणि चौकट गाडीवर असताना वेल्डिंग करूच देऊ नका. माप घ्यावं, टाके मारावेत, चौकट उतरवावी आणि मग जमिनीवर ठेवून पक्कं करावं. टाकी पेट्रोलची आहे, हे उद्यमनगरलाही मान्य आहे.

कायद्याचा कोपरा

हा भाग लोक वगळतात. मोटार वाहन नियमांतला १२३ क्रमांकाचा नियम सांगतो, की मागे बसणाऱ्याला धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायची जागा हवी आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं कवच हवं. म्हणजे कॅरिअरसाठी पकडायची दांडी किंवा साडीगार्ड काढून फेकायचं नाही. पेटी बसवायची असेल तर २०२० सालच्या तरतुदीप्रमाणे लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिलिमीटरच्या आत. पेटी मागच्या माणसाच्या जागेवर आली तर गाडीवर चालवणारा एकटाच. ‘पेटी ठेवली आणि वहिनी पेटीला टेकून बसल्या’ हा प्रकार नियमात बसत नाही. बहुधा वहिनींनाही बसत नाही.

बसवणं

गाडी गल्लीत लावून काम सुरू करू नये. पाना दिसला की माणसं जमतात. एक जण बारीक नजरेनं पाहत उभा राहतो, दुसरा “ते उलटं लावताय काय?” विचारतो, तिसरा न विचारता लावायला घेतो. तरी गल्लीतच करायचं असेल तर दुपारी तीनची वेळ बरी. जेवून मंडळी आडवी झालेली असतात.

पान्यांबद्दल एक बारकावा. जपानी घराण्याच्या गाड्यांचे कंपनीचे आठ मिलिमीटरचे बोल्ट बाराच्या पान्यानं फिरतात. हार्डवेअरच्या दुकानातला तेवढ्याच जाडीचा बोल्ट मात्र तेराचा पाना मागतो. तेव्हा दोन्ही पाने जवळ ठेवा. बाराच्या पान्यात जुन्या सिगरेटच्या पाकिटाची घडी घालून तेराचं काम करणारे लोक असतात, अशी माझी पक्की माहिती आहे. मला त्यांची नावं सांगायची नाहीत.

चारही बोल्ट आधी हातानं, बोटांच्या जोरावर चार-पाच आटे चढवा. पाना लावायचा नाही. पहिला बोल्ट जोशात आवळला की चौथं भोक दोन मिलिमीटर बाजूला गेलेलं असतं, आणि मग हातोडी येते, कानस येते, शेवटी “जरा वाकवू या” असं म्हणणारा माणूस येतो. चारही सैलसर लागल्यावर तिरपे-तिरपे, थोडे-थोडे आवळत जा. प्रत्येक बोल्टाला वायसर, आणि जमल्यास नायलॉनची कडी असलेला नट. थरथरीनं साधा नट सैल होतो. कोल्हापूरच्या रस्त्यांवर त्याला फार वाट पाहावी लागत नाही. मधे जागा राहत असेल तर लोखंडाची नळी कापून घाला. वायसरांची चळत घालू नये, ती वाकडी होऊन आटे खाते.

आवळताना मागच्या दिव्याची वायर चौकटीखाली चेपली जात नाही ना, ते पाहा. ही चूक लगेच कळत नाही. पहिल्या पावसात ब्रेक दाबला की हॉर्न वाजतो, आणि तुम्ही मेकॅनिकला हॉर्नबद्दल सांगायला जाता. इंडिकेटर आणि नंबरप्लेट मागून दिसताहेत का, हे गाडीपासून दहा पावलं जाऊन बघा. तुम्हाला दिसले नाहीत तर पोलिसांनाही दिसणार नाहीत, पण ते वेगळ्या अर्थानं घेतात.

मागचे शॉकअप एक-दोन खाचांनी कडक करा, आणि मागच्या टायरमध्ये दोघांसाठी सांगितलेली हवा भरा. हे दोन्ही पुस्तकात आहे. पुस्तक परत पिशवीत ठेवा.

बांधणं

हुकाची रंगीत लवचिक दोरी दुकानदार फुकट देईल. घ्या आणि कपडे वाळत घालायला वापरा. ताणलेला हुक सुटला तर तो डोळ्याकडेच येतो. जुन्या ट्यूबची, दोन बोटं रुंद कापलेली पट्टी याहून कितीतरी बरी. ती सामानाला धरून बसते आणि सुटली तरी टोचत नाही. सगळ्यात जड वस्तू खाली आणि सीटच्या बाजूला, हलकी वर. वैरणीचा भारा आडवा बांधू नये. तुमची रुंदी तुमच्या लक्षात नसते, समोरच्या बसड्रायव्हरच्या असते.

काही गोष्टी कॅरिअरवर जात नाहीत. गणपतीची मूर्ती, कितीही लहान असो, मागे बसलेल्याच्या मांडीवरच येते. कुंभार गल्लीतून कॅरिअरला बांधून गणपती आणणाऱ्याशी घरात अनंत चतुर्दशीपर्यंत कुणी बोलणार नाही. पांढरा रस्सा किटलीतून आणायचा असेल तर किटली पुढं, दोन गुडघ्यांच्या मधे. झाकण घट्ट आहे, हे हॉटेलवाल्याचं मत असतं. आणि कॅरिअरवर मूल बसवायचं नाही. याला विनोद नाही, अपवाद नाही, आणि ‘इथंच जवळ जायचंय’ही नाही.

देखभाल

पहिल्या मोठ्या फेरीनंतर सगळे नट पुन्हा तपासा. गगनबावड्याला जाऊन आलात तर नक्कीच. चैत्र यात्रेत जोतिबाला गाडी नेली असेल तर परतल्यावर आधी कॅरिअर धुवा. गुलाल आट्यांत बसला आणि वर ओल लागली की बोल्ट जाम होतो. नवीन बोल्टांना थोडं ग्रीस लावून ठेवलंत तर बरं.

जाम झालेला एखादा बोल्ट मात्र मुद्दाम तसाच राहू द्यावा. वाडीच्या दत्तजयंतीला कुणीतरी दाजी येतील आणि म्हणतील, “गाडी नको, नुसतं कॅरिअर दे दोन दिवस, माझ्या गाडीला लावतो.” त्यांना बोल्ट दाखवा. ते स्वतः पाना लावून बघतील, दम लागेपर्यंत बघतील, आणि मग म्हणतील, “ऱ्हाऊ दे. गाडीसकटच नेतो. पेट्रोल किती हाय?”