सांगून राहिलो ना, काकाजी!

गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा निघाला आणि बंटी त्यानंतर दोन वर्षांनी जन्मला. दोघांची प्रकृती सारखी आहे. इमारत उभी झाली, पाटी लागली, जागा तेवढ्या भरायच्या राहिल्या आहेत.

बंटी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव आधार कार्डावर आहे आणि तिथे त्यात एक काना जास्तीचा पडला आहे. हा बंटी तुम्हाला गोरेलाल चौकात दिसेल, आमगावच्या बसस्टँडवर दिसेल, देवरीला हायवेच्या धाब्यावरही दिसेल. दाढी कोरलेली, पायात स्लिपर, कानात इअरबड, तोही एकाच. दुसरा हरवला का, असं विचाराल तर फसाल. "एक कान दुनियेसाठी ठेवा लागते, काकाजी." सध्या काय करतोस, या प्रश्नाला त्याचं एका शब्दात उत्तर आहे: "तयारी." कशाची, हे विचारू नये. जी जाहिरात निघेल तिची. पोलीस भरती निघाली की तो पहाटे पाचला मैदानावर धावतो, तलाठ्याची निघाली की धावणं थांबवून ठोकळे वाचतो, आणि काहीच निघालं नाही की मतं मांडतो.

मतं मांडायचा हंगाम बारमाही आहे. फोन, सिनेमा, पोहे, कोरियन नूडल्स, क्रिकेटचा कप्तान, सगळ्यांना तो दहापैकी गुण देतो आणि अर्धा गुण हातचा राखतो. गोंदियाजवळ बिरसीला इंग्रजांच्या काळातली धावपट्टी आहे. तिथे आता वैमानिक घडवणारी संस्था आहे, आणि 2023 च्या डिसेंबरात हैदराबादचं प्रवासी विमानही सुरू झालं. वर शिकाऊ वैमानिक घिरट्या घालत असतात आणि खाली टपरीवर बंटी त्यांच्या लँडिंगला गुण देत असतो. "साडेसहा. थोडं आपटलं." विमानात तो अजून बसलेला नाही. पण ज्यात बसलो नाही त्याबद्दल बोलू नये असा नियम केला तर या देशातल्या निम्म्या टपऱ्या बंद पडतील.

त्याचा खास विषय म्हणजे फोन. बाजारात येणाऱ्या प्रत्येक फोनचा प्रोसेसर, बॅटरी, कॅमेऱ्याचे मेगापिक्सल त्याला तोंडपाठ. स्वतःच्या फोनची काच मात्र वरच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत तडकलेली. "डिस्प्ले चालते ना, काच फक्त दिसायसाठी असते," हे त्यावरचं तांत्रिक मत. एकदा जेवताना त्याने बापासमोर आयफोनची गोष्ट काढली. बाप गोरेगाव तालुक्यातला धान उत्पादक. पैसा हे त्या माणसाचं माप नाही, क्विंटल आहे. 2025-26 च्या खरिपात साधारण धानाचा हमीभाव 2,369 रुपये क्विंटल ठरला होता. फोन ऐंशी हजारांचा. बापाने ताटातला भात बाजूला सारून बोटानेच भागाकार केला आणि म्हणाला, "जवळजवळ चौतीस क्विंटल. ट्रॉलीभर धान खिशात घेऊन फिरतं का बे?" बंटी गप्प बसला. दुसऱ्या दिवशी टपरीवर त्याचं मत बदललेलं होतं. आयफोन ओव्हररेटेड आहे, म्हणाला.

नेटवर्कबद्दलची त्याची मतं भूगोलाच्या पुस्तकात घालावीत अशी आहेत. आमचा जिल्हा महाराष्ट्राच्या पार टोकाला, एका अंगाला बालाघाट, दुसऱ्या अंगाला राजनांदगाव. सालेकसा ओलांडून दरेकशाकडे गेलं की हाजरा फॉल येण्याआधीच फोन छत्तीसगडच्या टॉवरला चिकटतो. फोनच्या हिशेबात मध्य प्रदेश आणि छत्तीसगड अजून एकच आहेत, त्यांची फाळणी टेलिकॉमवाल्यांनी मान्य केलेली नाही. "म्हणजे पाय महाराष्ट्रात, नेट भोपाळचं. आणि नागझिऱ्याच्या जंगलात गेलं तर फाइव्ह जी, फोर जी काहीच नाही. तिथं वाघ जी एकटे."

अलीकडे तो एआयशीही बोलतो. मराठीत बोलायला गेला, तर त्याचं 'काहून', 'करून राहिलो' त्या यंत्राला उमजेना. ते पुणेरी वळणाची उत्तरं देऊ लागलं. बंटीने हिंदी सुरू केली आणि दोघांचं जमलं. यंत्राबद्दल त्याचा निकाल असा: "शिकलेलं आहे काकाजी, पण झाडीपट्टीत पोस्टिंग झालेली नाही." झाडीपट्टी म्हणजे आमचा हा धानाचा, जंगलाचा पूर्व विदर्भ.

आता जेवण. इथे बंटीची मतं मतं उरत नाहीत, धर्म होतो. वर्षभर तो क्लाससाठी पुण्यात राहिला आणि तिथून परत का आला याची कारणं तो वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळी सांगतो. मला सांगितलेलं कारण मला खरं वाटतं. मेसमध्ये पोळ्या चार आणि भात वाटीभर! "वाटी, काकाजी! भात वाटीनं मोजून! आमच्या घरी मांजरीले त्याच्यापेक्षा जास्त टाकते आई." ज्या गावाची हवा राइस मिलच्या कोंड्याने भरलेली असते, तिथल्या पोराला वाटीभर भात म्हणजे अपमानच. तो महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसला आणि एक रात्र व जवळजवळ एक दिवस घालवून गोंदियाला उतरला. "तेवढ्या वेळात माणूस अमेरिकेत पोचते. मी बडनेऱ्यात होतो."

भाताबद्दल मीही त्याच्या ज्ञानात थोडी भर घालायचा प्रयत्न केला. एचएमटी हा तांदूळ चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतातल्या लोंब्या निवडून निवडून काढला आणि त्या काळी मनगटावर मिरवायच्या घड्याळाचं नाव त्याला पडलं, हे सांगितलं. वाण कुठल्या कुठे पसरला, दादाजी मात्र 2018 साली गेले ते हलाखीतच, हेही सांगितलं. बंटी क्षणभर इअरबड काढून ऐकत राहिला, हे विशेष. मग म्हणाला, "म्हणजे ओपन सोर्स केलं त्यांनी. लोकं फुकट घेऊन गेले." आणि थोडं थांबून, "घड्याळाच्या नावाचा तांदूळ झाला, तर आता एखादा ॲपल काढा लागते. त्याचा तरी भाव मिळन." कृषी विद्यापीठाने दखल घ्यावी अशी ही सूचना मला वाटते.

सकाळी तर्री-पोहे, त्यात मतभेद नाही. तर्रीचा तवंग दिसला नाही तर ते पोहे तो आजाऱ्याचे समजतो. संध्याकाळी मोमो, शोरमा, मेयोनीज घातलेलं काहीतरी, ज्याला तो गुण देतो आणि फोटोही काढतो. घरच्या जेवणाचा फोटो कधी काढत नाही. पावसाळ्यात जंगलातून वास्ते येतात, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आणि सात्या येतात, रानातल्या अळिंब्या, ज्यांचा भाव ऐकून मटण स्वस्त वाटू लागतं. या गोष्टी लहानपणी ताटात आल्या की तो नाक मुरडायचा. मग कुठल्या तरी रीलवाल्याने त्याला सांगितलं की हे ऑर्गॅनिक आहे. आता तो आजीला ऑर्गॅनिक म्हणजे काय ते समजावतो. आजीने तीच भाजी पन्नास वर्षं शिजवली आहे.

लाखोळीच्या डाळीवरून तर दोघांची जुंपलीच होती. ही डाळ जास्त खाल्ली तर पाय लुळे पडतात म्हणून केंद्र सरकारने 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी घातली होती. आमच्याकडे धान कापायच्या आधीच ओल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, लाखोळी फेकायची पिढ्यान् पिढ्यांची रीत. बंटीने इंटरनेटवर वाचून आजीला सुनावलं, "आजी, ही बॅन होती!" आजी डाळ घोटता घोटता म्हणाली, "विकाले बंदी होती बाबू. आपण खाल्ली." कायद्याचा इतका नेमका अर्थ लावणारी बाई क्लासमध्ये का शिकवत नाही, हे मला कळत नाही. बंटीने ते वरण दोनदा घेतलं. प्रोटीनसाठी, म्हणाला.

सिनेमा तो हिंदीत डब केलेलाच पाहतो, मूळ तेलुगू असो की कोरियन. 'पुष्पा' आला तेव्हा महिनाभर एक खांदा वर करून चालत होता. "आवाज पाहा काकाजी अल्लू अर्जुनचा! काय बेस आहे!" मी म्हटलं, हिंदीतला तो आवाज आपल्या श्रेयस तळपदेचा आहे. मला वाटलं, आता खांदा खाली येईल. "तरीच म्हणतो, घरचा वाटते," म्हणाला, आणि दुसराही वर केला.

वेब सिरीज तो दीडपट वेगाने पाहतो, गाणी मधूनच ऐकतो, तीस सेकंदांच्या रीलमधले शेवटचे दहा सेकंद त्याला लांबण वाटतात. हाच पोरगा दिवाळी झाली की गावोगावच्या मंडईला (भाजीची नव्हे, जत्रेची) जातो आणि झाडीपट्टीचं नाटक रात्रभर बसून पाहतो. वडशाहून मंडळी येतात, ट्रकमधून नेपथ्य येतं, रात्री दहा-अकराला घंटा होते आणि नायिकेच्या सगळ्या आपत्ती संपेपर्यंत तांबडं फुटतं. ही रंगभूमी शासनाला दिसायला बराच काळ गेला. 2023 साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या लोकांनी नकाशा काढला. बंटी नाटकाला जाताना नावं ठेवत जातो: स्क्रीनप्ले ढिला, व्हिलन ओव्हरॲक्टिंग करते, मधे नाच कशाला. आणि घोंगडी पांघरून पहिल्या रांगेत बसतो. मी विचारलं, तुला तर दहा सेकंद धीर नसतो. त्यावर त्याने जे सांगितलं ते मी अजून कुठल्या समीक्षकाकडून ऐकलेलं नाही. "फोनमध्ये पुढे ढकलता येते, म्हणून ढकलतच राहतो. पाहणं होतच नाही. इथं नटाले पुढे ढकलता येत नाही. तो रडून राहिला तर त्याचं होईपर्यंत बसा लागते." मंडईच्या निमित्ताने पाहुणे जमतात आणि सोयरिकीही जुळतात. त्या बाबतीत मात्र बंटीला मत नाही. तो विभाग आईकडे आहे.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, रिकामटेकडा आहे. गावातही तसंच म्हणतात. पण ऑगस्ट उजाडू द्या.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. पूर्वी तलाठी पिकाची नोंद करायचा, आता शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या शेतात उभं राहून, पिकाचा फोटो काढून करायची. नोंद सात-बारावर चढली नाही तर पुढे धान विकायला खरेदी केंद्रावरचे खेटे वाढतात. शेतकऱ्यांकडे बटणाचा फोन, नाहीतर असा फोन की ज्याची मेमरी नातवाच्या कार्टूनने भरलेली. मग ज्याला सहा महिने उपदेश केला तो बंटी आठवतो. "बाबू, जरा येजो ना आमच्या बांधीत."

बाबू जातो. रोवणी झालेल्या चिखलात गुडघाभर उतरतो, फोन प्लास्टिकच्या पिशवीत. तडकलेल्या काचेवर थेंब पडला की गट नंबर आपोआप बदलतो. काकू पदर सावरून धानासमोर उभ्या राहतात. "काकू, पिकाचा फोटो पाहिजे, तुमचा नाही." "कायले? पीक माझंच आहे ना!" मग सर्व्हर बसतो. सर्व्हर उठतो तेव्हा ढग आलेले असतात आणि लोकेशन शेजाऱ्याच्या बांधीत दाखवतं, ज्या शेजाऱ्याशी धुऱ्यावरून कोर्टात केस चालू आहे. शेवटी ओटीपी येतो. तो सुनेच्या फोनवर येतो. सून माहेरी, बालाघाटला. फोन आता मध्य प्रदेशच्या टॉवरवर आणि चार्जिंगला लावलेला. बंटी बांधावर बसून वाट पाहतो आणि त्या वेळात ॲपच्या रचनेला दहापैकी अडीच गुण देतो. मी तरी दोन दिले असते.

2024 साली लाडक्या बहिणींचे अर्ज निघाले तेव्हा हाच बंटी ओट्यावर बसून बाया-बापड्यांची आधार कार्डं तपासत होता. ज्याच्या स्वतःच्या कार्डावर काना जास्तीचा, त्याने आळीभरच्या वेलांट्या दुरुस्त करून दिल्या. धान खरेदीची ऑनलाइन नोंदणी तोच करतो, आजीच्या पेन्शनचा हयातीचा दाखला तोच काढतो, पोरीच्या कॉलेजचा फॉर्म रात्री साडेअकराला शेवटच्या तारखेत तोच भरतो. या सगळ्याला आपल्याकडे काम म्हणत नाहीत. काम म्हणजे ज्याची जाहिरात निघते ते. याला म्हणतात, "बाबू, एवढं करून दे." मोबदला समोसा. फार तर समोसा आणि चहा, आणि वर पुन्हा तोच प्रश्न: "मग, सध्या काय चालू आहे?"

"तयारी," म्हणतो बंटी, समोशाला सात गुण देत.

त्याची मतं फुकट ऐकायला हरकत नाही, टपरीवर सगळ्यांचीच मतं फुकट असतात. पण यंदाच्या खरिपात जो पोरगा चिखलात उतरून तुमचा धान सात-बारावर चढवेल, त्याच्या हातावर निदान तीन महिन्यांच्या रिचार्जचे पैसे ठेवा. समोसा वेगळा.