हा खड्डा आमच्या हद्दीत येत नाही

बेलपाडा मेट्रो स्थानकातून बाहेर पडलात की वर बघू नका, खाली बघा. वर बघण्यासारखं पुष्कळ आहे: खांबांवरून सरकणारी तीन डब्यांची थंडगार गाडी, मागे खारघरचा डोंगर, पावसाळ्यात त्यावर चिकटलेले ढग. पण वर बघत चाललात तर गावाच्या वाटेवर तुमची आणि माझ्या खड्ड्याची गाठ पडेल.

माझा म्हणतो, कारण एवढ्यात दुसरं कोणी त्याच्यावर हक्क सांगेलसं दिसत नाही. लांबीला तीन हात, खोलीला वीतभर. तळाला जुनं डांबर, त्यावर खडी, खडीवर पेव्हर ब्लॉकचे तीन तुकडे आणि मधोमध कोणा पुण्यवंताने खोवलेली झाडाची फांदी. फांदी सुकली की कोणीतरी ताजी खोवतं. परिसरातलं एवढं नियमित देखभाल होणारं सार्वजनिक काम माझ्या पाहण्यात दुसरं नाही.

परवा माझी स्कूटर त्यात गेली. मी पडलो नाही, पण पिशवीतली अंडी गेली. मग घरी येऊन, पंखा लावून मी नागरिक झालो आणि फोन उचलला. कार्यालयांची नावं घेत नाही, तिथेही पोटं भरणारी माणसं असतात. पहिल्या कार्यालयाने सेक्टर विचारला, माझं नाव विचारलं आणि सांगितलं, तो भाग आता हस्तांतरित झाला. दुसरं कार्यालय म्हणालं, हस्तांतरण झालं हो, पण त्यात हा रस्ता धरलाय का ते बघावं लागेल, आणि बघणारे साहेब साइटवर आहेत. तिसरीकडचे गृहस्थ फार सौजन्याने बोलले. खड्डा रस्त्याच्या मधोमध आहे की कडेला, असं त्यांनी विचारलं. कडेला, म्हटलं. “मग सांगतो ना साहेब, हा खड्डा आमच्या हद्दीत येत नाही.”

कोपऱ्यावर मावरं विकणाऱ्या आजी माझा हा उद्योग ऐकून होत्या. कोलंबी निवडता निवडता म्हणाल्या, “यो कुनाचाच नाय रं बाबा.” तीन फोनांनी कळलं नाही ते आजींनी फुकटात सांगितलं.

आता याच्या उलटं बघा. खड्ड्याला पत्ता नाही, पण माझ्या कराला कसा चोख पत्ता आहे! इमारत, मजला, सदनिका, आडनावातली चूकसुद्धा दर वर्षी न चुकता तीच. मालमत्ता कराचं बिल कधी शेजाऱ्याच्या दारात पडून ‘तुमच्या हद्दीत येत नाही’ म्हणून परत गेलेलं ऐकलंय? गाडी घ्यायला गेलो, तर दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीवर 11 टक्के वाहन कर एकरकमी. पेट्रोल भरलं तर केंद्राच्या शुल्कात रस्ते आणि पायाभूत सुविधांच्या नावानेच एक उपकर बसलेला, वर राज्याचा व्हॅट. पगार झाला तर व्यवसाय कर. तो महिन्याला 200 रुपये, फेब्रुवारीत मात्र 300. सगळ्यात लहान महिना, आणि कर सगळ्यात मोठा. 2500 चा हिशेब जुळवायला कुठेतरी शंभर जास्त घ्यायलाच हवेत, हे कबूल. पण कायदा करणाऱ्याने नेमका फेब्रुवारी पकडला, त्या अर्थी त्याला विनोदबुद्धी असावी. हा कर 1975 च्या कायद्याने रोजगार हमीसाठी बसला. ज्यांना दुष्काळात खडी फोडावी लागत होती त्यांच्यासाठी होता, म्हणून त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त ती फोडलेली खडी अजून इथवर पोचलेली नाही.

बेलपाड्यात एका घराच्या करावर किती जणांनी हक्क सांगितला, ती कथा नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. इथली शेतं नवी मुंबईसाठी सिडकोने घेतली. सिडको म्हणजे 1970 साली स्थापन झालेली सरकारी कंपनी. तिने नकाशे आखले, सेक्टर पाडले, उत्सव चौकात खांबांचं गोल कडं उभं केलं आणि रहिवाशांकडून सेवा शुल्क घेतलं. मग 1 ऑक्टोबर 2016 ला पनवेल महापालिका जन्माला आली आणि खारघर, कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल तिच्यात गेले. नगरपरिषदेच्या घरातलं हे बाळ थोरलं होईपर्यंत काही वर्षं गेली. 2021 मध्ये त्याला आठवलं की आपण कर घ्यायचा असतो. बिलं निघाली ती थेट 2016 पासूनची. लोक म्हणाले, अहो, ती वर्षं आम्ही सिडकोला सेवा शुल्क भरत होतो, मग कर कोणत्या सेवेचा? मोर्चे निघाले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, ‘दुहेरी कर’ हा शब्द खारघरच्या लहान पोरांनाही पाठ झाला. इकडे थकबाकीवर कायद्याप्रमाणे महिन्याला दोन टक्के शास्ती चढतच होती. भांडण चालू असताना मीटर बंद करायची पद्धत रिक्षात नाही, महापालिकेत तरी कुठून असणार?

आणि 2025 मध्ये आली अभय योजना. लवकर भरा, शास्तीत 90 टक्के सूट. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी पहिल्याच वर्षी, पहिल्याच आठवड्यात, रांगेत उभं राहून सगळा कर भरला होता. त्यांना कसलंच अभय नाही, कारण त्यांना भीतीच नव्हती. ते आता लिफ्टमध्ये कोणाशी बोलत नाहीत.

मेट्रोचंही सांगून टाकतो, स्थानकाला गावाचं नाव आहे म्हणून. साडेबारा हा आकडा इथल्या माणसाला काय सांगतो ते बाहेरच्याला कळणार नाही. जमिनी गेल्या त्याच्या मोबदल्यासाठी शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे माणसं रस्त्यावर उतरली, जानेवारी 1984 मध्ये दास्तान फाटा आणि जासईला गोळीबार झाला, पाच जण गेले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. त्या साडेबारातून सामाजिक सोयींसाठी पावणेचार कापून घेतात, हातात उरतात पावणेनऊ. तर या साडेबारा टक्क्यांच्या गावात मेट्रो कधी आली? काम सुरू झालं मे 2011 मध्ये, गाडी धावली 17 नोव्हेंबर 2023 ला. बोटं मोजा. साडेबारा वर्षं! सरकारी हिशेबाला परंपरेचं भान नाही असं यापुढे कोणी म्हणू नये.

अकरा किलोमीटर, अकरा स्थानकं, सुमारे तीन हजार कोटी. गाडी तयार होती, सुरक्षा प्रमाणपत्र जून 2023 मध्येच आलेलं होतं, तरी फीत कापायला मोठा हात मोकळा होईना म्हणून पाच महिने स्थानकं कुलपात. शेवटी औपचारिक उद्घाटनाशिवायच सुरू करा, असा आदेश आला. मला विचाराल तर अलीकडच्या सार्वजनिक खर्चातली सर्वांत मोठी बचत हीच, मांडवाची. गाडी मात्र चांगली आहे. वेळेवर येते, स्वच्छ आहे, आणि 2024 मध्ये भाडंही उतरवलं, बेलापूर ते पेंधर 40 चं 30 केलं. शंभर वेळा नावं ठेवणाऱ्याने एकदा चांगलं म्हणावं, म्हणून म्हटलं.

इथवर वाचून तुम्ही माना डोलावत असाल तर जरा थांबा, आता तुमची पाळी. आणि माझी.

गावाबाहेर सायन-पनवेल महामार्ग आहे. रुंदीकरण झालं, बाराशे कोटींच्या आसपास खर्च झाला, आणि तो वसूल करायला खारघरला टोलनाका उभा राहिला. नाका सुरू व्हायच्या आधीच 2014 मध्ये पनवेलचे आमदार प्रशांत ठाकूर यांनी टोलच्या मुद्द्यावर काँग्रेस सोडली आणि ते भाजपमध्ये गेले. निवडणूक झाली, सरकार बदललं, ठाकूर निवडून आले. आणि जानेवारी 2015 मध्ये टोल सुरू झाला. पक्ष बदलता येतो, करार बदलत नाही, एवढं आम्ही त्या वर्षी शिकलो. मग काही महिन्यांत राज्यातल्या अनेक नाक्यांवर छोट्या गाड्यांना सूट देण्याचा निर्णय झाला. ऑक्टोबर 2024 मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर कार फुकट झाल्या. वाशीला 45 रुपये वाचले म्हणून मीही खिडकी खाली करून हवा खाल्ली.

पण टोल गेला म्हणजे खर्च गेला काय? कंत्राटदाराचा करार कागदावर तसाच उभा असतो. गाडीवाला देत नाही ते तिजोरी देते, आणि तिजोरी कोणाची? कोलंबी निवडणाऱ्या त्या आजी नातवासाठी बिस्किटाचा पुडा घेतात, त्यावर जीएसटी आहे. आजींकडे गाडी नाही. माझ्या गाडीच्या 45 रुपयांतला काही भाग आता त्यांच्या बिस्किटांतून जातो. टोलमुक्तीच्या पेढ्यांवर हे कोणी छापलं नव्हतं.

आम्हाला रस्ता सहापदरी हवा, टोल नको. मेट्रो दारात हवी, पण तिचा खांब आमच्या दुकानापुढे नको. मालमत्ता कर अन्यायकारक, आणि कचऱ्याची गाडी दुपारपर्यंत आली नाही की त्याच महापालिकेला आम्ही व्हॉट्सॲपवर फाडून खातो. दुहेरी कराविरुद्धची बाजू मला पटते. ज्याची सेवा घेतली त्यालाच पैसे द्यावेत, यात चूक काय? पण त्याच मोर्चात एक फलक होता, ‘कर नाहीच भरणार’. त्या फलकाखाली उभ्या असलेल्या सज्जनांना माझा एक प्रश्न आहे. रस्ता मग कशाचा करायचा, आश्वासनांचा? आश्वासनांवर रोलर फिरवला तर ती पावसाळाभर टिकतही असतील, पण आजवर कोणी निविदा भरलेली नाही.

कर जास्त की कमी, या वादात मला फार रस नाही. दिलेला रुपया कुठे उतरला ते दिसत नाही, माझं भांडण तिथे आहे. घेणारा एक, राबवणारा दुसरा, दुरुस्त करणारा तिसरा, आणि उद्घाटनाच्या पाटीवर नावं नऊ जणांची. रस्ता पहिल्या पावसात उखडला की त्या नवातला एकही सापडत नाही. ज्या गावच्या जमिनीच्या सातबाऱ्यावरून नावं एका फटक्यात उतरवली गेली, त्या गावच्या खड्ड्याला मात्र अजून सातबारा नाही. असता तर मालकी हक्कात एक नाव असतं आणि इतर अधिकारात कंत्राटदाराचं. तलाठ्याकडे जाऊन उतारा काढता आला असता.

अगदीच काही होत नाही, असंही नाही. 13 ऑक्टोबर 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला: खड्ड्यामुळे कोणी गेलं तर वारसांना 6 लाख, जखमी झाला तर 50 हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई, आणि ती रक्कम पुढे जबाबदार अधिकाऱ्याकडून, कंत्राटदाराकडून वसूल करायची. चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं हेच न्यायालय आधीही म्हणालं होतं. आदेश नामी आहे, पण भरपाई मागायला गेलेल्याला पहिला प्रश्न तोच येणार: खड्डा कोणाच्या हद्दीतला? माझी अंडी त्यात बसत नाहीत, ती मी सोडून दिली.

त्या गल्लीच्या तोंडाशी कामाचा एक पत्र्याचा फलक आहे. कामाचे नाव वाचता येतं. अंदाजपत्रकीय रकमेवर शिकवणीची जाहिरात चिकटवलेली. कंत्राटदाराच्या नावावर गंज. सगळ्यात खाली ‘दोष दायित्व कालावधी’ असे शब्द आहेत, म्हणजे रस्ता अमुक वर्षांत उखडला तर कंत्राटदाराने स्वखर्चाने करून द्यायचा. त्यापुढची वर्षांची जागा कोरी आहे. गंजली नाही, पुसली नाही, कोणी ती भरलीच नाही.

म्हणून वाचकहो, फोन करू नका. मी केलेत, तुमचे वाचवा. माहितीच्या अधिकारात अर्ज करा. रस्ता कोणी केला, किती पैशांत केला, दोष दायित्व कधी संपतं, तीनच ओळी विचारा. या कायद्यात 6(3) नावाचं एक गोड कलम आहे. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज आलेल्या कार्यालयाने स्वतःच तो पाच दिवसांत तिकडे पाठवायचा आणि तुम्हाला तसं कळवायचं. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणून अर्ज परत करायची सोय त्यात नाही. मी माझा अर्ज सोमवारी टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.