दोन दिवसांचं सोवळं

लग्नातली पँट अजून होते, हा प्रस्तुत लेखकाचा एकमेव पराक्रम. दर दिवाळीला ती घालून बायकोपुढून एक फेरी मारायची आणि तिने मान वर न करता ‘हं’ म्हणायचं, असा घरचा रिवाज आहे. अशा काटक माणसाला मधुमेह? तो खालच्या मजल्यावरच्या ढेरपोट्या काकांना व्हावा, अशी त्याची शास्त्रीय समजूत होती.

तरी रक्त द्यायचं ठरल्यावर त्याने दोन दिवस कडक सोवळं पाळलं. चहा बिनसाखरेचा, श्रीखंडाकडे पाठ. उपाशीपोटीची साखर आली ११८. मधुमेहाची रेघ १२६ला असते, म्हणून स्वारी फुशारली. खालच्या ओळीत एचबीएवनसी होतं : ७.१. तिथे साडेसहालाच रेघ संपते.

त्याचं असं आहे, की रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी मरेपर्यंत सुटत नाही. पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवस. म्हणजे कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडावेत तसा दोन-तीन महिन्यांचा हिशेब शरीर गुपचूप मांडत असतं. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून पास होण्याची लेखकाची शाळेपासूनची पद्धत इथे कामाची नव्हती.

त्यात सोवळ्याचा दुसरा दिवस संकष्टीचा होता. उपास म्हणजे अधिकच उत्तम, असं म्हणून त्याने दोन बशा साबुदाण्याची खिचडी हाणली. आता साबुदाणा म्हणजे काय? दक्षिण अमेरिकेतून आलेल्या एका कंदाचं जवळजवळ निखळ पिष्ट, तमिळनाडूत सेलमच्या बाजूला त्याचे मोती होतात, आणि आपल्याकडे येताच ते सोवळ्यात जातात. गहू चालत नाही, तांदूळ चालत नाही. परदेशी कंद चालतो, बटाटा चालतो, मिरचीही चालते! शिवाय खिचडी मोकळी व्हायला साबुदाणा किती भिजवावा, यावर घरोघरी जितका खल होतो, तितका पोटात गेल्यावर त्याचं काय होतं यावर कधी ऐकलेला नाही. होते ती साखरच. शेंगदाण्याच्या कुटामुळे ती जरा दमाने होते, एवढाच दिलासा. लेखकाने कूट भरपूर घालायला लावलं होतं, हे नोंदवून पुढे जाऊ.

पँटीचा निकाल पुण्यातच लागला होता. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच शेजारी-शेजारी फोटो छापले. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचंही २२.३. चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार! पँटीला यातलं काहीच कळत नाही.

बातमी फुटताच नातेवाईक विचारू लागले, “गोड फार खाता का हो?” हा प्रश्न ऐकला की लेखकाचं डोकं फिरतं. लेखकाच्या वडिलांना, अण्णांनाही, सगळे हेच विचारायचे. अण्णांना गोडाची आवड नव्हती. त्यांच्या आईला मधुमेह होता, तेवढं पुरलं. ते रोज रात्री दाढीचा आरसा जमिनीवर ठेवून त्यात पायाचे तळवे बघायचे. “अण्णा, पावडर आणू का?” असं विचारून लेखकाने एकदा सगळ्या घराला हसवलं होतं. अण्णाही हसले. चपलेतून तळव्यात घुसलेली टाचणी त्यांना दोन दिवस कळली नव्हती, हे त्यांनी तेव्हा सांगितलं नाही. नंतर आईकडून कळलं.

परवा डॉक्टरांनी मोजे काढायला सांगितले. डाव्याला अंगठ्याशी भोक होतं. लेखकाने आधी उजवा काढला. डोळे मिटायला लावून त्या म्हणाल्या, “नायलॉनचा बारीक धागा तळव्याला लावीन. कळलं की हो म्हणा.”

“हो,” लेखक म्हणाला.

“अहो, अजून लावलाच नाही.”