पंधरा दिवसांत पेटी

महाळुंगे पडवळमध्ये पेटी शिकवणाऱ्या गुरुजींना फोन येतात ते हरिनाम सप्ताह तोंडावर आला की. "गुरुजी, पोरगं पंधरा दिवसांत तयार होईल ना?" गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा प्रारंभिक ते विशारद पूर्ण अशा सात, पालकांना मात्र थेट आठवी हवी, टीव्हीवरची! फीचं काढलं की, "कांद्याची पट्टी आली की देतो." पोरगं म्हणतं, "अलंकार नको, डायरेक्ट अभंग घ्या." 1930 साली परदेशी कापडाच्या ट्रकपुढे ठाकलेल्या हुतात्मा बाबू गेनूंचं हे गाव. असहकार मातीतच, फक्त आता तो रियाजाशी! म्हणून गुरुजी हल्ली फी आगाऊ घेतात आणि चौकशीला एकच उत्तर देतात : "शिकवतो की! पण घरी वर्षभर नुसतं सारेगम ऐकायची तयारी आहे का तुमची?" निम्मे फोन तिथंच कटतात.