खिडकी चालू ठेवा

आईचा अंगठा लागत नाही.

भोपाळमध्ये हे वाक्य आता कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सिमकार्डाच्या दुकानात तो लागत नाही, बँकेत लागत नाही. आमच्या पिपलानीतल्या रेशनच्या दुकानात कधीही जा, एखादी आजी पदराला बोट पुसून पुन्हा त्या लाल दिव्यावर टेकवताना दिसतेच. मागचे ओरडतात, "अम्मा, जोर से दबाओ!" जोराने दाबून काय होणार? आईचं वय शहात्तर. पन्नासहून जास्त वर्षं भाकऱ्या थापल्या, राखेने भांडी घासली, भेल कारखान्याच्या क्वार्टरच्या ओट्यावर धुणं आपटलं. त्या कामांत बोटांवरच्या रेषा झिजल्या. बाई तीच आहे.

या बाईला घेऊन मी नोव्हेंबरात दादाकडे जर्मनीला गेले. भोपाळचा माणूस परदेशी निघाला की आधी दिल्ली नाहीतर मुंबई गाठतो. आम्ही राणी कमलापती स्टेशनवरून रात्रीची गाडी धरली आणि सकाळी दिल्लीत उतरलो. टर्मिनल तीनवर दोन वाटा होत्या. एक माणसाची, एक यंत्राची.

यंत्राच्या वाटेचं नाव लांबलचक आहे : फास्ट ट्रॅक इमिग्रेशन, ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम. गृहमंत्री अमित शहा यांनी २२ जून २०२४ला तिचं उद्घाटन याच टर्मिनलवर केलं. जानेवारी २०२५मध्ये मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद, कोची आणि अहमदाबाद ही सात शहरं जोडली गेली. सप्टेंबरात लखनौ, अमृतसर, तिरुवनंतपुरम, तिरुचिरापल्ली आणि कोळीकोड आली. एकूण २१ विमानतळांचा बेत आहे. भारतीय पासपोर्टवाल्यांना आणि ओसीआय कार्डवाल्यांना ही सोय फुकट मिळते. आधी ऑनलाइन अर्ज करायचा, मग एकदा बोटांचे ठसे आणि चेहरा द्यायचा. नोंदणी पाच वर्षं चालते. त्याआधी पासपोर्ट संपला तर तेवढीच.

मी नोंदणी केली होती. पासपोर्ट लावला, बोर्डिंग पास लावला, कॅमेऱ्याकडे पाहिलं, फाटक उघडलं. अर्ध्या मिनिटाचं काम. मला ते आवडलं. ज्याने रात्री दोन वाजता दोन विमानं एकदम उतरल्यावर इमिग्रेशनच्या रांगेत झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन पाऊण तास काढला आहे, त्याला या फाटकाची किंमत कळते. म्हणून यंत्र नको म्हणणाऱ्यांत मी नाही.

आईने नोंदणी केलेली नव्हती. "माझ्या बोटांचा मलाच भरवसा नाही," म्हणाली. ती खिडकीवर गेली. अधिकाऱ्याने पासपोर्ट पाहिला, तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "किसके पास जा रही हैं, माताजी?" आई म्हणाली, "बेटे के पास. पोती हुई है." शिक्का बसला. मला अर्धं मिनिट लागलं, तिला रांगेसकट अठरा मिनिटं. दोघी एकाच विमानात बसलो.

माझं सगळं म्हणणं या दोन वाटांबद्दल आहे. यंत्राची वाट वाढू दे, पण तिच्यासाठी माणसाची खिडकी बंद करू नका.

बंद करणार आहे, असं कुणी म्हटलंय का? नाही. पण खिडक्या हुकूम काढून बंद होत नसतात. त्या हळूहळू बंद होतात. आधी आठाच्या चार होतात, मग चाराच्या दोन. मग त्यातल्या एकीवर पाटी लागते आणि उरलेल्या एकीपुढे सगळे म्हातारे, सगळे आजारी आणि पहिल्यांदा प्रवासाला निघालेले सगळे उभे राहतात. बँकेत हे आपण पाहिलं, रेल्वेच्या तिकिटघरात पाहिलं. विमानतळावर ते होईपर्यंत गप्प का बसायचं?

दुसरं दार देशातल्या प्रवासाचं. डिजियात्रा. तिचं धोरण २०१८मध्ये सुरेश प्रभू नागरी विमान वाहतूक मंत्री असताना आलं. १ डिसेंबर २०२२ला ज्योतिरादित्य शिंदे यांनी दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीत ती सुरू केली. ऑगस्ट २०२३मध्ये ती मुंबईत पोचली, सप्टेंबर २०२४मध्ये आमच्या शेजारच्या इंदूरला आणि गोव्यात दाबोळीला. फोनमधल्या ॲपमध्ये आधार आणि सेल्फी घालायची, बोर्डिंग पास जोडायचा, की दारातला कॅमेरा चेहरा ओळखतो. माहिती तुमच्याच फोनमध्ये राहते आणि विमानतळाकडे गेलेली प्रत उड्डाणानंतर २४ तासांत पुसली जाते, असं सांगितलं जातं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे हे सारं ऐच्छिक आहे.

ऐच्छिक! या शब्दाला जागा.

डिजियात्रा सुरू झाल्यावर अनेक विमानतळांच्या दारात काय चाललं होतं? मदतीला उभी असलेली मुलं प्रवाशाच्या हातातला बोर्डिंग पास घेत, यंत्राला लावत आणि म्हणत, "सर, इधर देखिए." सर बघत. सरांचा चेहरा टिपला जाई. आपण कशाला हो म्हटलं हे सरांना कळत नसे, कारण सरांना कुणी काही विचारलेलंच नसे. तक्रारी इतक्या झाल्या, की २०२४च्या सुरुवातीला दारात असे चेहरे टिपणं थांबवा असं मंत्रालयाला सांगावं लागलं.

मुंबईहून परतताना माझ्याबरोबरही एका विमानतळावर हेच झालं होतं. मी म्हटलं, "मला नकोय." मुलगा गोंधळला. त्याला वाईट वागायचं नव्हतं. त्याला 'नको' या उत्तराचं पुढे काय करायचं ते शिकवलंच नव्हतं. खरी अडचण इथे आहे. यंत्राला नाही म्हणता येतं, लाल दिवा लावून ते खुशाल म्हणतं. प्रवाशालाही तितक्याच सहज नाही म्हणता आलं पाहिजे, आणि तसं म्हटल्यावर त्याच्याकडे कुणी संशयाने पाहता कामा नये.

हे यंत्र चालवतं कोण? डिजियात्रा फाउंडेशन नावाची कंपनी. तिच्यात विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के; बाकीचे ७४ टक्के दिल्ली, मुंबई, बंगळुरू, हैदराबाद आणि कोची इथल्या विमानतळ कंपन्यांचे. आम्ही माहितीच्या अधिकाराखाली येत नाही, ही तिची भूमिका. का बरं? आधार सरकारचं, दारातला जवान सरकारचा, योजनेचं उद्घाटन मंत्र्याच्या हातून. आणि प्रश्न विचारला की ही खाजगी कंपनी? ज्याने माझा चेहरा घेतला त्याने माझ्या अर्जाला उत्तरही द्यावं. यात जास्त काही मागितलेलं नाही.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ला एकमताने सांगितलं. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३मध्ये झाला. त्याचे नियम निघायला २०२५चा नोव्हेंबर उजाडला. डिजियात्रा तोवर जवळजवळ तीन वर्षं धावत होती. गाडी आधी सुटली, रूळ मागून टाकले. हे चुकलं, असं स्पष्ट म्हणायला हवं.

आणि यंत्र चुकत नाही, हा समजही सोडू या. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने २०१९मध्ये चेहरा ओळखणाऱ्या १८९ प्रणाली तपासल्या. एकाला दुसराच समजण्याची चूक त्यांतल्या बऱ्याच प्रणालींनी आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांबाबत गोऱ्यांपेक्षा दहा ते शंभर पट जास्त केली. म्हातारे आणि लहान मुलं यांच्या बाबतीतही ही चूक जास्त निघाली. सगळ्या प्रणाली सारख्या नव्हत्या, चांगल्याही होत्या. मग आपल्या दारातली कशी आहे? ती किती जणांना नाकारते? त्यांत साठीच्या पुढचे किती? हे आकडे दर महिन्याला विमानतळाच्या भिंतीवर लावा. विमानाला किती उशीर झाला ते लावता ना, तसेच हेही लावा.

ठसे घेण्याचं शास्त्र आपल्याच देशात वाढलं. जगातलं पहिलं ठसे कार्यालय १८९७मध्ये कोलकात्यात सुरू झालं, आणि ठशांची वर्गवारी बसवण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचा मोठा हात होता. काम होतं गुन्हेगार ओळखण्याचं. मराठीत तर ज्याला सही येत नाही तो अंगठेबहाद्दर. आज प्राध्यापकापासून पेन्शनरापर्यंत सगळ्यांनाच अंगठा द्यावा लागतो. २९ सप्टेंबर २०१०ला देशातलं पहिलं आधार नंदुरबारच्या टेंभली गावात एका कष्टकरी बाईच्या हाती दिलं गेलं. म्हणजे सुरुवातच काम करणाऱ्या हातांपासून झाली. झिजणारी बोटं सगळ्यांत आधी त्याच हातांची असतात, हे तेव्हाच कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं.

आमची आई दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देते. आता तो फोनवर देता येतो. शेजारचा मुलगा फोन धरतो, आई समोर बसते, ॲप सांगतं डोळे मिचकवा. ती मिचकवते. वर्तुळ लाल होतं. पुन्हा मिचकवते. तिसऱ्यांदा ती चष्मा काढते, केस मागे घेते, खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून बसते. तेव्हा कुठे हिरवं होतं. "झाले बाई जिवंत," म्हणत ती चहा टाकायला उठते. ती हसते, मला हसू येत नाही. कारण तो मुलगा नसता तर?

स्वतःची ओळख पटवून देण्याचा हा जाच भोपाळने फार वेगळ्या प्रकारे सोसला आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री या शहराच्या डोळ्यांत वायू गेला. नंतर पावणेसहा लाखांच्या आसपास लोकांना भरपाई मिळाली. पण ती मिळायच्या आधी त्यांना खिडकीपुढे उभं राहून मी मीच आहे, त्या रात्री मी इथेच होतो, हे सिद्ध करावं लागलं. झोपडीतून जीव घेऊन पळालेल्या माणसाने रेशनकार्ड कुठून आणायचं? वर्षानुवर्षं लोक पिशवीत कागद घेऊन फिरले. ते दुःख आणि विमानतळावरचा खोळंबा यांची तुलना मी करत नाही, करूच नये. पण ओळख पटवायचा बोजा नेहमी ज्याच्याकडे कमी आहे त्याच्याच डोक्यावर येतो, हे या शहराला माहीत आहे. म्हणून या शहराने बोललं पाहिजे.

तर आम्ही युरोपात उतरलो. तिथे १२ ऑक्टोबर २०२५पासून शेंगेनच्या २९ देशांत नवी पद्धत टप्प्याटप्प्याने आली आहे. युरोपीय संघाबाहेरून थोड्या मुक्कामासाठी येणाऱ्याचा चेहरा नोंदवतात, उजव्या हाताची चार बोटं नोंदवतात किंवा व्हिसाच्या वेळी दिलेल्या ठशांशी ताडून पाहतात, आणि ती नोंद तीन वर्षं राहते. नाही म्हणाल तर आत सोडत नाहीत. त्यांचं घर, त्यांचे नियम.

आईने काचेवर चार बोटं ठेवली. लाल. पुन्हा लाल. मागे रांग. आईचा चेहरा मी ओळखते. ती घाबरली की ओठ आत घेते. तेवढ्यात काचेच्या खोक्यातला अधिकारी उठून बाहेर आला. त्याला मराठी येत नव्हतं, आईला जर्मन येत नव्हतं. त्याने स्वतःचा हात तोंडापाशी नेला, बोटांवर हा करून वाफ सोडली आणि आईकडे पाहिलं. आईने तसंच केलं. दोन बोटं हिरवी झाली. उरलेल्या दोनांसाठी त्याने संगणकावर काहीतरी नोंदवलं आणि हाताने वाट दाखवली. ज्याचे ठसे घेणं शक्यच नाही त्याला सूट देण्याची तरतूद त्यांच्या नियमात लिहिलेली आहे. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे तर घेतच नाहीत. नियम चांगला आहे. पण नियम आपण होऊन उठून बाहेर येत नाही, माणूस येतो.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक फाटकाच्या शेजारी माणसाची एक खिडकी असू दे, आणि तिच्यात माणूस असू दे. यंत्राने नाकारलेल्याला रांगेच्या शेवटी पाठवू नका, तिथल्या तिथे त्या खिडकीवर न्या. चेहरा टिपायच्या आधी त्याला कळेल अशा भाषेत विचारा, आणि 'नको'साठी वेगळी वाट आखा. नाकारलेल्यांचे आकडे लावा. कंपनीला माहितीच्या अधिकाराखाली आणा. यातलं काहीही महाग नाही, यंत्रापेक्षा तर नाहीच.

फाटकं वाढवा. मी त्यातूनच जाईन, माझा पोरगाही जाईल. पण रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाची बोटं माझ्यासारखी नाहीत, आणि माझीही अशीच राहणार नाहीत.

आईचा अंगठा लागत नाही. तिला खिडकी लागते.