यंत्राला दम लागत नाही

भयपटात भूत दिसायच्या आधी डझनभर व्हायोलिनं किंचाळली की माझी भीती तिथेच संपते. आता काय होणार ते वाद्यवृंदानं सांगून टाकलेलं असतं. खरी धास्ती बसते ती सिंथेसायझरवर कुणीतरी दोन पट्ट्या दाबतं आणि बोट उचलतच नाही तेव्हा.

इगतपुरीकरांना हे फार समजावून सांगायला नको. कसारा ते इगतपुरी घाटाचा चढ ३७ ला १. मागून बँकर इंजिनांचा रेटा मिळाल्याशिवाय मालगाडी वर येत नाही. घाटात वीज आली त्या काळात, म्हणजे १९३० च्या आसपास, इथं डब्ल्यूसीजी-१ इंजिनं आली. लोक त्यांना ‘खेकडा’ म्हणत. पुढेमागे लांब नाक, चाकं जोडणारे दांडे बाहेर. चालताना त्या दांड्यांचा सपसप आवाज यायचा, आणि उभं असताना हे इंजिन कण्हायचं. गाडी जागची हलत नाही, ड्रायव्हरचा हात कशाला लागलेला नाही, आणि लोखंड कण्हतंय! सिंथेसायझरच्या सुरात हीच जात आहे. बासरीवाल्याला श्वास घ्यावा लागतो, व्हायोलिनचा गज संपतो आणि परत फिरतो. त्या बारीकशा जागेत पलीकडे माणूस असल्याची खूण मिळते आणि जीव भांड्यात पडतो. सिंथेसायझरचा सूर तासभर धरून ठेवा, ती खूण मिळणार नाही. पलीकडे दयामाया असणारं कुणी नाहीच.

जॉन कार्पेंटरनं हे १९७८ साली ‘हॅलोवीन’मध्ये पक्कं ओळखलं. पैसे तुटपुंजे, म्हणून दिग्दर्शकच संगीतकार झाला. स्वरलिपी वाचता येत नसताना तीन दिवसांत काम उरकलं. संगीत चढवण्याआधी सिनेमा पाहिलेल्या एका स्टुडिओ अधिकाऱ्याला तो मुळीच भीतिदायक वाटला नव्हता, असं कार्पेंटरनंच सांगितलं आहे. मग त्यानं घातलं काय? पियानोवर एक टोचणारी, सतत फिरणारी सुरावट आणि खाली सिंथेसायझरचे जड सूर. मोजून बघा: दहा मात्रा, पण आपल्या झपतालासारख्या २-३-२-३ नाहीत, ३-३-२-२. पहिल्या दोन तीन-तीनांना कान सरावतो आणि लगेच दोन-दोनांवर अडखळतो. पाय टेकवावा तिथे जमीन नाही. एवढ्या एका हिशेबावर प्रेक्षक दीड तास खुर्चीच्या टोकावर बसतो.

आदल्याच वर्षी विल्यम फ्रीडकिननं ‘सॉर्सरर’मध्ये नायट्रोग्लिसरिन पाझरणाऱ्या डायनामाइटचे ट्रक जंगलात, पावसाचिखलात घातले. जर्मनीच्या टँजरिन ड्रीमनं त्याचं संगीत सिनेमा न पाहता, पटकथेवरून केलं. म्हणूनच ते ट्रकबरोबर धापा टाकत नाही. माणसं मरणाच्या दारात आणि सूर आपोआप फिरवणारा सिक्वेन्सर आपल्याच चालीनं चाललेला. जुलैत कसारा घाटाच्या धुक्यात पहिल्या गियरमध्ये चढणारा ट्रक आठवा; त्याच्यामागे करुण सारंगी लावली तर दृश्य मेलंच.

मग आपल्या भयपटांत हे का झालं नाही? आपल्याकडे यंत्रं नव्हती ही सबब चालणार नाही. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत रोलँडची ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही यंत्रं घेऊन दहा रागांची अख्खी रेकॉर्ड केली. ती तेव्हा खपली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झालं. म्हणजे यंत्र होतं, बोटं होती, राग होते. त्याच दशकात रामसे बंधूंच्या भयपटांतल्या हवेल्यांत मात्र वीज कडाडत होती, दारं करकरत होती, कोरस उसळत होता, आणि सगळं एकदम. त्या हवेल्यांवर माझं प्रेम आहे, पण त्या गोंगाटात भुताला श्वास घ्यायला जागा नव्हती.

याउलट, राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’चं पार्श्वसंगीत येस्पर किड या डॅनिश संगीतकाराचं आहे, व्हिडिओ गेममध्ये मुरलेल्या माणसाचं. गेमचं संगीत खेळणाऱ्याच्या कानात तासन् तास फिरतं. त्यात दर मिनिटाला दचकवून भागत नाही. तो संयम ‘तुंबाड’च्या पावसाला मानवला. २०१८ मध्ये लोकांनी दुर्लक्षिलेला हा सिनेमा २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला.

तरीही निर्माते ऐकवतात की आपल्या प्रेक्षकाला भरगच्च लागतं, शांतता सोसत नाही. कुठल्या प्रेक्षकाला? सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात एके काळी रात्र काढणाऱ्याला? तंबोऱ्याच्या चार तारांखाली हा प्रेक्षक पिढ्यान् पिढ्या बसलेला आहे. एकच षड्ज किती वेळ ऐकता येतो आणि तो ऐकता ऐकता आत काय काय हलतं, हे त्याला कार्पेंटरच्या प्रेक्षकाहून जास्त ठाऊक आहे.